बिनपत्त्याचं गाव

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक काढा बरं! घाबरू नका, परीक्षा नाही. जगाचा नकाशा उघडा आणि कर्कवृत्ताची ती तुटक रेघ शोधा. भोपाळच्या किंचित वर बोट ठेवा आणि रेघेवरून डावीकडे सरकवत चला. गुजरात गेलं, अरबी समुद्र गेला, अरबस्तान गेलं, सहाराचं वाळवंटही मागे पडलं. आता नुसतंच निळं निळं! हा अटलांटिक महासागर. तो संपत आला, की अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या उजव्या अंगाला, कुणीतरी शाईचं पेन झटकावं तसे बारीक ठिपके दिसतील. ही बहामा बेटं. लहानमोठी मिळून सातशेच्या वर. १९७३ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला हा देश.

या ठिपक्यांतच एक्झूमा नावाची बेटांची लांबलचक माळ आहे. तिच्या टोकाशी, लिटल एक्झूमा बेटावर, कर्कवृत्त चक्क समुद्रकिनाऱ्यावरून जातं आणि लोकांनी तिथं ती रेघ रंगवूनही ठेवली आहे. एक पाय उष्ण कटिबंधात, एक पाय बाहेर! तिथून जवळच जॉर्ज टाउन नावाचं छोटंसं गाव आहे. पण आज आपल्याला जायचंय ते या गावात नाही, तर गावासमोरच्या पाण्यात.

दर हिवाळ्यात, नाताळ उलटला की, या पाण्यात एक दुसरंच गाव वसतं. शिडाच्या नौका येतात आणि नांगर टाकून राहतात. आधी दहा-वीस, मग पन्नास, आणि मार्च उजाडेपर्यंत शेकड्यांनी. प्रत्येक नौका म्हणजे एक घर. या गावाला रस्ते नाहीत, घरांना नंबर नाहीत, पोस्टमन नाही आणि सरपंचही नाही. शिवाय घरं जागच्या जागी फिरतात! वारा फिरला की नांगराभोवती नौका फिरते. त्यामुळे सकाळी खिडकीतून शेजारच्या काकू दिसल्या, तर संध्याकाळी त्याच खिडकीतून सूर्यास्त. इथं आडनावानं कुणी कुणाला ओळखत नाही. ओळख नौकेच्या नावाची. आपण कसं, ‘तो देशपांड्यांचा मुलगा’ म्हणतो, तसं इथं अमक्या नौकेवरची मुलगी, तमक्या नौकेवरचे आजोबा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे कोट्यधीश असणार. काही असतात, नाही असं नाही. पण बरेचसे नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी असतात. काहींनी राहतं घर विकून जुनी नौका घेतलेली असते आणि तिची डागडुजी स्वतःच करत असतात. थोडी कुटुंबं मुलाबाळांसकट वर्ष-दोन वर्षांसाठी निघालेली असतात. आपल्या नौदलाच्या ‘तारिणी’वरून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये गोव्याहून निघून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते वेगळं. तो पराक्रम होता. इथली मंडळी पराक्रमाला निघालेली नसतात. यांना नुसतं राहायचं असतं, समुद्रावर, सावकाश. पण नुसतं राहणं हेसुद्धा किती कामाचं असतं, ते बघा.

बारा मीटर लांबीची नौका धरा. रुंदी चार मीटरच्या आत. त्यात दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा, जेवायचं टेबल, संडास आणि शिडांचा ढीग. मुलांची खोली बहुधा पुढच्या निमुळत्या टोकात असते. अंथरूण त्रिकोणी, त्यामुळे दोघा भावंडांचे पाय रात्रभर एकमेकांना लागतात. भांडण झालं तर रुसून जायला जागा नाही. गोडं पाणी टाकीत भरून ठेवायचं, चारशे-पाचशे लिटर, आणि ते चौघांनी दोन-तीन आठवडे पुरवायचं. हिशेब करून बघा, माणशी रोज किती आलं? म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंघोळ म्हणजे समुद्रात उडी आणि मग तांब्याभर गोडं पाणी अंगावर. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांतल्या मुलांना हे शिकवायला नको, ती यातली पंडितच आहेत! विजेचंही तसंच. सौरऊर्जेवर बॅटऱ्या भरतात. दोन दिवस ढगाळ गेले की आई फ्रीज बंद करते आणि आतलं सगळं खाऊन टाकायचा हुकूम सुटतो.

इथं पोचणंही सोपं नाही. फ्लॉरिडाच्या मायामीपासून बहामाचं सर्वांत जवळचं बिमिनी बेट अवघं ८० किलोमीटर. शिडाची नौका ताशी दहा किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी पोचायला हवं. पण मधे गल्फ प्रवाह आडवा येतो. समुद्रातली ही प्रचंड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे ताशी पाच-सहा किलोमीटर वेगानं वाहते. समोरच्या बेटाकडे नौकेचं तोंड करून सरळ निघालात, तर प्रवाह तुम्हाला भलतीकडेच उत्तरेला नेऊन सोडेल. म्हणून तोंड बरंच दक्षिणेला वळवून ठेवायचं आणि तिरकं तिरकं जायचं. आणि वारा उत्तरेचा असेल तर मुळीच निघायचं नाही. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून, अशी टक्कर झाली की लाटा लांब-उतरत्या न राहता भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर नौका वारा फिरण्याची वाट बघत थांबतात. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. ज्यांच्या अंगात धीर नाही त्यांनी या भानगडीत पडूच नये.

पलीकडे गेलं की मात्र सगळं बदलतं. बहामाचा उथळ समुद्र किलोमीटरच्या किलोमीटर अवघा तीन-चार मीटर खोल, आणि पाणी इतकं नितळ की नौकेची सावली तळाच्या वाळूवर बरोबर चालत येते. इथं पाण्याचा रंग वाचता यावा लागतो. गडद निळा म्हणजे खोल पाणी. फिकट हिरवा-निळा म्हणजे खाली वाळू, नौकेपुरतं पाणी आहे. पांढरट दिसलं तर सावधान, वाळूचा उंचवटा जवळ आलाय. आणि तपकिरी म्हणजे खडक, प्रवाळ किंवा पाणगवत. यातलं नेमकं काय ते ओळखणं हे डोळ्यांचं काम. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच हे रंग नीट दिसतात. समोरून उन्हाची तिरीप आली की सगळं पाणी आरशासारखं, काही समजत नाही. म्हणून पुढच्या टोकावर एकाला उभं करतात. हे काम बहुतेक घरांत मुलांकडे असतं आणि ती ते मोठ्या तोऱ्यात करतात. वाटेत बिग मेजर नावाच्या बेटावर समुद्रात पोहणारी डुकरं भेटतात. (थाप नाही!) पण प्रवाशांच्या खाऊचा त्यांना त्रासच जास्त. २०१७ मध्ये काही डुकरं मेली, तेव्हा त्यांच्या पोटात वाळू सापडली होती. किनाऱ्यावर फेकलेलं खाताना ती वाळूही गिळत होती.

चला, पुन्हा आपल्या गावात. सकाळचे आठ वाजले की सगळ्या नौकांवर रेडिओ खरखरतो. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे, बोलायचा. व्हीएचएफ म्हणतात त्याला. सोळा नंबरचं चॅनेल हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेलं. सकाळची सभा भरते बहात्तर नंबरवर. कुणीतरी एक जण सूत्रं हातात घेतो. पहिला प्रश्न ठरलेला: कुणी संकटात आहे का? कुणाला डॉक्टर हवाय का? मग सगळे क्षणभर गप्प. उत्तर आलं नाही की पुढे हवामान, मग गावातली खबर, मालवाहू बोट आली का, दुकानात भाजी आली का. मग मागण्या सुरू. कुणाच्या पंपाची रबरी चकती फाटलीय. कुणाला शिवणयंत्र हवंय, शीड उसवलंय. कुणाकडे चौथीचं गणिताचं पुस्तक जास्तीचं आहे का? शेवटी नव्यानं आलेल्या नौकांचं स्वागत आणि निघालेल्यांना निरोप. गेल्या काही वर्षांत उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागलं, तरी ही सभा संपलेली नाही. का ते सांगतो. तुमच्या फोनवरची हाक ज्याला लावली त्यालाच ऐकू जाते. रेडिओवरची हाक टापूतल्या सगळ्यांना ऐकू जाते, आणि सर्वांत जवळ कोण आहे हे हाक मारणाऱ्याला ठाऊक नसलं तरी चालतं.

याची खरी किंमत कळते ती वाऱ्याच्या रात्री.

त्याआधी नांगराबद्दल थोडं. नांगर जड असतो म्हणून तो नौका धरून ठेवतो, असं तुम्हाला वाटतं ना? साफ चूक! आपल्या नौकेचा नांगर वीस-पंचवीस किलोचा आणि नौका आठ-दहा टनांची. कशी धरेल? पण आपल्या मराठीनं याचं उत्तर नावातच देऊन ठेवलंय. शेतातला नांगर जे करतो तेच हा करतो. फाळ जमिनीत घुसतो आणि ओढ बसेल तसा आणखी रुततो. मात्र ओढ आडवी हवी. वर खेचलं तर तो उपटून येतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडतात. तीन मीटर पाणी, तर पंधरा ते एकवीस मीटर साखळी, म्हणजे ती तळावर आडवी पडून राहते. पण मग नौका तेवढ्याच मोठ्या वर्तुळात फिरणार, आणि शेजाऱ्याचं वर्तुळ आपल्या वर्तुळाला लागता कामा नये. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसलं इथं चालत नाही. आधी आलेल्याचा हक्क पहिला. मागाहून आलेल्यानं अंतर सोडायचं, आणि जवळ आलं तर त्यानंच उठून दुसरीकडे जायचं. मग बरीच मंडळी चष्मा लावून पाण्यात बुडी मारतात आणि फाळ नीट रुतलाय ना ते डोळ्यांनी बघून येतात.

आता वारा. एरवी इथं तो पूर्वेकडून वाहतो. जॉर्ज टाउनसमोर, साधारण मैलभर पाण्यापलीकडे, स्टॉकिंग नावाचं लांबट बेट आहे. त्याच्या आडोशाला नौका निवांत असतात. पण हिवाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी उत्तर अमेरिकेवरून थंड हवेची लाट खाली सरकते. ती जवळ आली की वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरू लागतो. आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम. आणि मग एकदम वायव्येकडून जोराचा दणका. कालपर्यंत जो आडोसा होता तोच किनारा आता नौकेच्या पाठीशी येतो, आणि मैलभर मोकळ्या पाण्यावरून लाटा अंगावर येतात. नांगर सुटला तर नौका सरळ वाळूत, नाहीतर खडकावर. आणि ते नुसतं वाहन नव्हे, घर असतं. आतमध्ये पोरं झोपलेली असतात.

अशा रात्री कुणी फारसं झोपत नाही. दोन वाजता कुणाच्या तरी लक्षात येतं की शेजारच्या नौकेचा दिवा होता तिथं नाही, तो हलतोय, मागे मागे चाललाय. झालं! भोंगा वाजतो, रेडिओवर हाक जाते, बॅटऱ्यांचे झोत पडतात. डिंगी म्हणजे मोटर लावलेली रबरी होडी. प्रत्येक घराची ती स्कूटरच. अशा तीन-चार डिंग्या अंधारातून, पावसातून निघतात. एक जण नौकेला बाजूनं रेटून धरतो, एक जण आपल्याकडचा जादा नांगर नेऊन लांबवर टाकतो, कुणी नौकेवर चढून झोपेतून उठलेल्या मालकाला इंजीन सुरू करायला मदत करतो. यातला कुणी कामावर नेमलेला नसतो. संकटात सापडलेल्यांना शोधायला बहामात ‘बासरा’ नावाची संस्था आहे, तीसुद्धा स्वयंसेवकांचीच. सकाळी आठच्या सभेत त्याच माणसाचा आवाज येतो, आभार मानतो, आणि लोक त्याला साखळी किती सोडली होतीस म्हणून विचारतात! मला विचाराल तर आभारांपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा, कारण तो ऐकून दहा जण आपापली साखळी मोजतात.

मुलांचं काय चालतं? सकाळी शाळा. घरातलीच, जेवणाच्या टेबलावर आई किंवा बाबा शिकवतात. बुट्टी मारायची सोय नाही, जाणार कुठे? दुपारी मात्र सगळी पोरं डिंग्यांतून स्टॉकिंग बेटाच्या वाळूवर. व्हॉलीबॉल, पोहणं, शिंपले. वयाचा भेद फारसा नाही, कारण समवयस्क शोधत बसलात तर खेळायलाच कुणी उरणार नाही. सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांची एकाच संघात. ओळख पटकन होते, अगदी तासाभरात. ती तशी करावीच लागते. आठवड्याभरात कुणाच्या तरी घराचा नांगर उचलला जाणार असतो. मैत्री झाली, गुपितं सांगून झाली, आणि मंगळवारी सकाळी रेडिओवर निघालेल्या नौकांची नावं वाचताना त्यात तिचं नाव! आईबाबांना वारा चांगला मिळालाय, आणखी एक दिवस थांबा म्हणून काही उपयोग नाही. काही मुलं यातूनच पत्रं लिहायला शिकतात. काही मुलं, खरं सांगायचं तर, घरी परत चला म्हणून हट्ट धरतात, आणि काही कुटुंबं तेवढ्याच कारणानं परततातही.

एप्रिलमध्ये खऱ्या गावाची जत्रा असते, शिडांच्या होड्यांची शर्यत. १९५४ सालापासून ही चालत आली आहे. बेटांवरचे लोक मासेमारीला आणि मालवाहतुकीला ज्या लाकडी होड्या वापरत, त्या बांधण्याची विद्या टिकावी म्हणून ती सुरू झाली. शर्यत सुरू होते तीच मुळी गंमतशीर. सगळ्या होड्या नांगर टाकून, शिडं खाली ठेवून ओळीत उभ्या. बार झाला की खलाशी जीव खाऊन नांगराचा दोर ओढतात, त्या ओढीनंच होडी पुढे सुटते, आणि त्याच वेळी शीड वर चढतं. शिडं एवढी मोठी की होडी कलंडेल, म्हणून एक लांब फळी वाऱ्याच्या बाजूला बाहेर सरकवून त्यावर पाच-सहा जण ओळीनं जाऊन बसतात, सी-सॉवर बसल्यासारखे. पाहुण्या नौकांवरच्या लोकांकडे कितीही यंत्रं असोत, त्या दिवशी ते नुसते प्रेक्षक असतात.

आणि मग गाव उठतं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. (कोकणातल्या दोस्तांना तारीख ओळखीची वाटली ना? आपल्याकडेही १ जूनलाच मासेमारी थांबते आणि होड्या वर ओढून झाकून ठेवतात.) काही नौका उत्तरेला अमेरिकेत परततात, काही दूर दक्षिणेला ग्रेनाडा, त्रिनिदादकडे जातात. दक्षिणेला गेलं की सुटलो असंही नाही. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, तेव्हा खारफुटीच्या खाडीत आसऱ्याला बांधलेल्या नौकाही त्यानं उलथ्यापालथ्या करून टाकल्या. तरीही नौकेवरच्या माणसाला निदान निघून जाता येतं. जॉर्ज टाउनमधला दुकानदार, शाळेतली बाई, होड्या बांधणारा सुतार कुठे जाणार? त्यांच्या घरांना नांगर नाही, पाया आहे.

१ सप्टेंबर २०१९ रोजी ‘डोरियन’ वादळ बहामाच्या उत्तरेकडच्या अबाको बेटांवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटर. पुढे ग्रँड बहामा बेटावर ते दिवसभराहून जास्त वेळ जवळजवळ जागच्या जागी घुटमळत राहिलं. सरकारी आकड्याप्रमाणे सत्तरहून अधिक माणसं गेली आणि शेकडो बेपत्ता झाली. एक्झूमा बेटं त्या खेपेला वाचली. अबाकोचे धक्के मोडले होते, विमानतळ पाण्याखाली होता. तेव्हा सरकारी मदतीबरोबर खासगी नौका आणि छोटी विमानंही पाणी, औषधं, ताडपत्र्या घेऊन तिकडे गेली. अबाकोच्या धक्क्यांवर वर्षानुवर्षं हिवाळा काढलेल्या किती तरी लोकांनी आपापल्या ओळखीच्या माणसांची नावं घेऊन चौकशा सुरू केल्या होत्या.

१ जुलै २०२५ पासून बहामा सरकारनं पाहुण्या नौकांचा परवाना महाग केला आणि नांगर टाकण्याचंही शुल्क लावलं. त्यावर नौकावाल्यांनी चिक्कार कुरकुर केली. जुन्या, छोट्या नौकेवर काटकसरीनं राहणाऱ्यांना ते जड जाणार, हे खरंच. पण दुसरी बाजूही बघा. जॉर्ज टाउनमध्ये एका दुकानाच्या धक्क्यावर नौकावाल्यांना बरीच वर्षं गोडं पाणी फुकट मिळत आलं. या बेटांवर ते पाणी नदीतून येत नाही, समुद्राचं खारं पाणी यंत्रातून गाळून करावं लागतं. आणि शेकडो नौकांचा कचरा? तो डिंगीतून शेवटी त्याच गावात उतरतो. भांडण अजून मिटलेलं नाही. काही जण रागावून दुसऱ्या बेटांकडे वळू म्हणतात. बाकीचे नोव्हेंबर सरला की फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर येऊन थांबतात, टाक्या भरतात, साखळी तपासतात आणि उत्तरेचा वारा पडण्याची वाट बघतात.